टेस्टर

मन्मथप्पा हुडगे भर दुपारी
देगलूर रोडवरच्या माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढले.
सीपीयू काखेत, त्यावर शिवलीलाकाकूंच्या जुन्या इरकलीचं
शिवलेलं कव्हर, नाडीसकट.
"जिलानी, ह्याला अँटिव्हायरस टाक.
लई भारीतला. तीन वर्षांचा."

काचेआड आठ डबे मांडलेले,
प्रत्येकावर ढाल, नाहीतर कुलूप.
एका डब्यामागे मला दोनशे दहा सुटतात
आणि दुकानाचं भाडं पाच तारखेला असतं.
हात वर करून एक काढायचा, एवढंच काम होतं.

पण आधी मशिन लावून पाहिलं.
विंडोजसोबत फुकट आलेला राखणदार
आत जागाच होता.
अपडेट तेवढं चौदा महिने अडलेलं,
"नंतर आठवण करा"वर रोज कुणीतरी टिचकी मारलेली.
रोग नव्हता.
होती एक फाईल, "डीपी नोंदी":
तोंडार, हेर, करडखेल, वाढवणा,
कुठल्या शिवारातला ट्रान्सफॉर्मर कधी जळाला,
कोण चढलं, कुणाच्या मळ्यात भाकरी खाल्ली,
एकतीस वर्षांची लाईनमनची नोकरी
एका बोटानं टाईप केलेली.

"अप्पा, ह्याला काहीच झालं नाही.
घरच्या मशिनला आतला आहे तो पुरतो,
अपडेट तेवढं अडवू नका.
डबा कशाला?"

ते स्टुलावर बसले. चहा नको म्हणाले.
कव्हराची नाडी बोटाला गुंडाळत राहिले.

"मंगळवारी फोन आला.
बिल थकलंय, रात्री साडेनऊला लाईन कट.
एक ॲप टाका म्हणला, नंबर सांगा म्हणला.
पडद्यावर बाण आपोआप फिरलालता
आणि मी मांडीवर हात ठेवून बघत बसलो.
अठ्ठावीस हजार."

रस्त्यावरून बिदरची बस गेली.

"लाईन तोडायला मीच जायचो की रे.
साडेनऊला कोण चढतंय खांबावर, मला माहीत नाही व्हय?
पण घरात हिचं ऑक्सिजनचं मशिन चालू.
आणि लाईन तोडली की बाया दारात कशा उभ्या राहतात
हे मी खांबावरून बघितलेलं.
वाटलं, आली आपली पाळी."
मग काचेकडे बघून:
"हा डबा फोन उचलतो का?"

नाही उचलत.
घरातून कुणी आपल्या हातानं कडी काढली
तर डबा बिचारा काय करणार,
पाहुणा समजून सतरंजी टाकणार.

मी विचारलं, "अप्पा, लाईन बंद केलीय
असं सबस्टेशनातून फोनवर कळलं
की तुम्ही लगेच तार धरायचात?"

ते उसळलेच. "येडा का काय!
बापानं सांगितलं तरी नाही.
आधी टेस्टर. मग अर्थिंगची साखळी. मग हात.
गुंडेराव ऐकला नाही, हाळीच्या खांबावर..."

वाक्य तिथंच लोंबकळलं.
काउंटरवर त्यांचा मोबाईल पडलेला.
त्याच्याकडे ते असे बघायला लागले
जशी वादळानंतर वावरात पडलेली तार.

अपडेटला दीड तास लागला.
"डीपी नोंदी" पेनड्राईव्हवर उतरवली,
म्हणालो, हा मशिनजवळ ठेवू नका,
दुसरीकडे कुठंतरी, ज्वारीच्या डब्यात चालेल.
साठ रुपये घेतले.

उठताना पुन्हा वर बघितलं त्यांनी.
"एक दे तरी. हिला दाखवायला.
मंगळवारपासून झोपली नाही."
मांडलेल्यातला एक रिकामा काढून दिला.
तसाही भरलेल्या डब्यात एक नंबरच असतो.

पायरीवर फोन वाजला.
अप्पांनी खिशातून काढला, लांब धरला,
वाजू दिला.
पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला.
तिसऱ्यांदा उचलला, "कोण?" म्हणून दरडावलं,
आणि आवाज एकदम खाली आला.

काकू होत्या.
येताना कोथिंबीर आणा म्हणत होत्या.